मुकादमाची पंगत

परवा माझा पुतण्या पुण्याहून आला होता. हिंजवडीतल्या एका कंपनीत तो नोकरी करतो. पगार चांगला, ऑफिस थंडगार, दुपारचं जेवण फुकट. तरीही पोरगा चिडलेला होता. म्हणाला, "काका, आमचा साहेब माणूस म्हणून चांगला आहे हो. माझ्या अम्मीचं ऑपरेशन झालं तेव्हा रोज फोन करत होता. पण यंदा वरचा शेरा त्यानं आपल्या मर्जीतल्या पोराला दिला. आता मी सहाला लॅपटॉप बंद करतो. सांगितलं तेवढंच काम, त्यावर काडीभर नाही."

त्याचं ऐकताना मला एक जुना मराठी शब्द आठवला, पंक्तिप्रपंच. पंगतीत एकाच्या पानात तुपाची धार आणि शेजारच्याच्या पानात नुसता भात. जेवण दोघांनाही मिळतं, उपाशी कोणीच राहत नाही, पण शेजारच्याचा घास घशाखाली उतरत नाही. हा शब्द मी लहानपणी आमच्या चाळीतल्या एका काकूंच्या तोंडून ऐकला. त्या तो सासूबद्दल वापरत. पुढं वाचायला लागल्यावर लक्षात आलं, की मुंबईच्या गिरण्यांचा सव्वाशे वर्षांचा इतिहास या एका शब्दाच्या उजेडात वाचता येतो.

मी गिरणी कामगाराचा मुलगा. अब्बा साताऱ्याकडून मुंबईला आले आणि साचेखात्यात लागले. साचा म्हणजे माग. त्यामुळं हा इतिहास मला आधी घरात भेटला, पुस्तकांत नंतर.

१८५४ साली कावसजी दावर यांनी कंपनी काढली आणि १८५६ साली ताडदेवला मुंबईतली पहिली कापड गिरणी सुरू झाली. यंत्रं विलायतेची, ती चालवायला शिकवणारे मास्तरही बरेचसे लँकेशायरचे. कामगार मात्र रत्नागिरीचे, साताऱ्याचे, कोल्हापूरचे. साहेबाला मराठी येत नव्हतं, कामगाराला इंग्रजी येत नव्हतं. या दोघांच्या मधे जो उभा राहिला तो जॉबर. कुणी त्याला मुकादम म्हणे. बायकांच्या खात्यात नायकीण असे. सकाळी दरवाजावर उभं राहून माणसं आत घेणारा तोच, काढून टाकणारा तोच, रजा देणारा तोच आणि साचा अडला तर पाना घेऊन खाली वाकणाराही तोच.

मुकादम म्हटलं की दस्तुरी आलीच. नोकरी लावायची दस्तुरी, रजेवरून परत घ्यायची दस्तुरी, दिवाळीची भेट वेगळी. व्हिटली साहेबांच्या अध्यक्षतेखाली १९२९ साली नेमलेल्या शाही मजूर आयोगानं १९३१च्या अहवालात या लाचेबद्दल स्पष्ट लिहिलं आहे, आणि तिचा वाटा कधीकधी वरपर्यंत जातो हेही नोंदवलं आहे. मग प्रश्न पडतो, की अशा माणसाला कामगारांनी इतकी वर्षं सोसलं कसं? नुसतं सोसलं नाही. मुकादमाला मालकानं काढलं तर त्याच्या हाताखालची सगळी माणसं कामावरून उठून बाहेर येत, असंही घडत असे. सुरुवातीच्या कितीतरी संपांत पुढं मुकादमच होते.

भीती हे अर्धं उत्तर झालं. उरलेलं अर्धं उत्तर असं, की गावाहून वळकटी घेऊन आलेल्या पोराला मुंबईत दुसरं होतं कोण? पगार महिना भरल्यावर लगेच हातात पडत नसे. पुढच्या महिन्यातले कितीतरी दिवस उलटले की मग तो मिळे. तोवर खाणावळीचं काय, वाण्याचं काय? मुकादमाच्या शब्दावर वाणी उधार देई, गाळ्यात अंग टाकायला जागा मिळे. आजारपणात, बाळंतपणात, मयतीत तोच उभा राही. मालक माहीत नाही, सरकार माहीत नाही. माणसाच्या रूपात दिसणारी गिरणी म्हणजे मुकादम.

पण इथंच एक बारीक गोष्ट आहे. मुकादमाची ही माया हक्काची नव्हती, मर्जीची होती. आणि मर्जी म्हटली की पंगतीत कोणाच्या तरी पानात तूप कमी पडणारच. चांगलं सूत कोणाच्या साच्यावर द्यायचं आणि कुजकं, सतत तुटणारं सूत कोणाच्या, हे त्याच्या हातात. विणकराची मजुरी कापडावर मोजली जाई. खराब सूत म्हणजे कमी कापड, कमी कापड म्हणजे कमी पैसे. त्यावर कडी म्हणजे डाग पडलेलं, बिघडलेलं कापड विणकराच्याच माथी मारण्याची रीत. त्याची किंमत पगारातून कापायची आणि ते कापड त्याला घरी न्यायला लावायचं. सूत गिरणीचं, यंत्र गिरणीचं, दंड मात्र विणकराला. तो म्हणे, चूक माझी असेल तर कापा, पण चूक कोणाची हे आधी विचारा तरी!

मला वाटतं, तक्रारीचं मूळ या "विचारा तरी" मध्ये होतं. नारायण मेघाजी लोखंडे यांना ते सर्वांत आधी कळलं. १८४८ सालचा त्यांचा जन्म. ते मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर होते, म्हणजे वरच्यांतही बसणारे आणि खालच्यांतही. १८८०पासून 'दीनबंधु' त्यांच्या हाती होतं. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची सभा स्थापन केली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन सरकारनं नेमलेल्या फॅक्टरी कमिशनकडं पाठवलं. मागण्या वाचल्या तर आज त्या साध्या वाटतात. आठवड्यात एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, कामावर जखमी झालेल्याला भरपाई. गंमत बघा, यातली प्रत्येक गोष्ट चांगला मुकादम कामगाराला आधीपासून देतच होता. एखाद्याला घटकाभर विसावा देई, दुसऱ्याला उसने पैसे, तिसऱ्या जखमी माणसाला चार दिवस सांभाळून घेई. लोखंड्यांचं म्हणणं एवढंच, की हे सगळ्यांना द्या आणि कागदावर द्या.

१८९०च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगारांची सभा भरली. दोन कामगार स्त्रियाही तिथं बोलल्या. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. हे पान तुम्ही रविवारी सकाळी चहा पिताना निवांत वाचत असाल, तर त्या निवांतपणात लोखंड्यांचा वाटा आहे. १८९७च्या प्लेगमध्ये लोखंडे गेले. पगाराच्या तारखेची त्यांची मागणी पुरी व्हायला मात्र १९३६चा वेतन कायदा यावा लागला. सात किंवा दहा दिवसांच्या आत पगार, असं त्यात आलं. दंड रुपयामागे अर्ध्या आण्याहून जास्त नको, दंडाची रक्कम कामगारांच्याच हिताला लागली पाहिजे आणि बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय दंड करता येणार नाही, हेही आलं. बावन्न वर्षं लागली त्या "विचारा तरी"ला.

नागपूरची गोष्ट जरा वेगळी. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी तिथं एम्प्रेस मिल सुरू केली. व्यवस्थापक नेमले बेझनजी मेहता. ते रेल्वेतून आलेले, त्यांना कापडाचा गंध नव्हता. तिथला कामगार मनात आलं की घरी बसे. खाडे फार. मुंबईत असं झालं असतं तर दंड, हकालपट्टी ठरलेलीच. इथं हजेरीला बक्षिसं ठेवली. पुढं १८८६ साली पेन्शन फंड आला, १८९५ साली अपघाताची भरपाई आली. खात्यात हवा खेळती राहावी याची व्यवस्था झाली. टाटांची ही आस्था खरी होती. पण हिंदुस्थानातल्या गिरण्यांच्या पहिल्या संपांत ज्याची नोंद सापडते, तो संपही याच एम्प्रेस मिलमध्ये, त्याच १८७७ साली, मजुरीच्या दरावरून झाला. मालक बरा आहे म्हणून दर कमी चालेल, असा हिशेब कामगारानं केला नाही. दोन खाती त्यानं वेगवेगळी ठेवली.

ही दोन खाती सर्वांत स्पष्ट दिसली ती अहमदाबादेत, १९१८ साली. आदल्या वर्षी प्लेग आला. कामगार गाव सोडून पळू नयेत म्हणून मालकांनी 'प्लेग बोनस' दिला, काही ठिकाणी पगाराच्या सत्तर टक्क्यांपर्यंत. साथ ओसरल्यावर तो काढून घ्यायचं ठरलं. महागाई मात्र ओसरली नव्हती. विणकरांनी पन्नास टक्के वाढ मागितली, मालक वीस म्हणाले. गांधीजींनी हिशेब तपासून पस्तीसचा आकडा काढला. मालकांचे पुढारी होते अंबालाल साराभाई आणि कामगारांच्या बाजूनं उभ्या होत्या त्यांच्या सख्ख्या भगिनी अनसूयाबेन. २२ फेब्रुवारीला गिरण्यांना कुलपं लागली. साबरमतीच्या काठी बाभळीखाली रोज सभा, रोज पत्रक.

तीन आठवडे होत आले तशी माणसं उपासमारीनं खचली. १२ मार्चला मालकांनी दरवाजे उघडले, वीस टक्के मान्य असतील त्यांनी या. तेव्हाचा एक प्रसंग महादेवभाई देसाईंनी लिहून ठेवला आहे. सकाळच्या सभेला बोलवायला आश्रमातला माणूस चाळीत गेला, तर कामगार म्हणाले, की गांधीजींना आणि अनसूयाबेनला काय होतंय? ते मोटारीतून येतात, मोटारीतून जातात, चांगलंचुंगलं जेवतात. मरतोय ते आम्ही. बघा, ज्या बाईनं त्यांच्या मुलांसाठी शाळा काढली, सख्ख्या भावाशी झगडा मांडला, तिलाही कामगारानं पंगतीचाच प्रश्न विचारला, तुमच्या पानात काय आहे? गांधीजींना हे लागलं. १५ मार्चला त्यांनी उपास सुरू केला. आपणही त्याच पंगतीत बसलो, हेच त्यांचं उत्तर. अंबालालांसारख्या स्नेह्यावर या उपासाचं दडपण आलं आणि ते योग्य नव्हतं, असं त्यांनी स्वतःच पुढं कबूल केलं.

१८ मार्चला तडजोड झाली. पहिल्या दिवशी पस्तीस टक्के, म्हणजे कामगारांची शपथ राहिली. दुसऱ्या दिवशी वीस टक्के, म्हणजे मालकांचा शब्द राहिला. तिसऱ्या दिवसापासून लवादाचा निकाल लागेपर्यंत साडेसत्तावीस. लवाद होते आनंदशंकर ध्रुव. त्यांनी पुढं पस्तीस टक्केच मान्य केले. हे आकडे वाचताना मला नेहमी हसू येतं, पण त्यात मोठं शहाणपण आहे. दोन्ही बाजूंना मान्य असलेला तिसरा माणूस निवाडा करणार म्हटल्यावर साडेसत्तावीस टक्क्यांवरही लोक कामावर गेले.

मुंबईत असा तिसरा माणूस नव्हता. १९२८ साली एप्रिल ते ऑक्टोबर असा सहा महिने दीड लाख कामगारांचा संप झाला. दोनाऐवजी तीन साचे एकानं चालवायचे, ही त्यातली एक ठिणगी. त्या संपातली एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे, कारण ती आमच्याही अंगावर येते. साचेखात्यात मजुरी जास्त, आणि तिथं अस्पृश्य कामगारांना मज्जाव होता. धोट्याच्या भोकातून दोरा तोंडानं ओढावा लागे, म्हणून विटाळाची सबब. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावलं, की ही बंदी उठवण्याची मागणी घ्या, नाहीतर मी माझ्या लोकांना संपापासून दूर राहायला सांगेन. पुढाऱ्यांना ती मागणी घ्यावी लागली. साचेखात्यात मराठ्यांचा आणि मुसलमान विणकरांचा भरणा होता. मालकाच्या पंक्तिप्रपंचाविरुद्ध मूठ आवळणारे हात शेजारच्याचं पान मात्र मांडू देत नव्हते. त्या हातांत माझ्या वडिलांच्या आधीच्या पिढीचे हातही असतील.

व्हिटली आयोगानं सांगितलं, की माणसं घेण्याचा आणि काढण्याचा हक्क मुकादमाकडून काढून घ्या, त्यासाठी लेबर ऑफिसर नेमा. १९३५पासून मुंबईत बदली कामगारांना कार्ड देण्याची पद्धत आली. हळूहळू मुकादमाची सद्दी कमी झाली. संपली नाही.

आता अब्बांच्या मुकादमाबद्दल सांगतो. सगळे त्यांना नाना म्हणत. आमच्याकडं नाना म्हणजे आईचे वडील, त्यामुळं बरीच वर्षं मी त्यांना नात्यातलेच समजत होतो. राजापूरकडचे, काळाचौकीला राहत. तोंड फार खराब. शिवीशिवाय वाक्य नाही. पण माझा जन्म झाला त्या रात्री अब्बांची पाळी होती आणि नानांनी त्यांना दवाखान्यात पिटाळून त्यांचे साचे स्वतः सांभाळले, हजेरीवर रेघ येऊ दिली नाही. दवाखान्यातून परत आल्यावर अब्बांनी पुढं कित्येक रविवार नानांच्या खोलीची डागडुजी करण्यात घालवले. कोणी सांगितलं नव्हतं.

नानांची खरी किंमत मात्र वेगळ्या कारणासाठी होती. रजा. गणपतीला कोकणातल्या सगळ्यांना गावी जायचं असे, अब्बांना आमच्या गावच्या उरुसाला. सगळ्यांना सोडलं तर साचे बंद पडतील. म्हणून नाना चिठ्ठ्या टाकत. चहाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर, टोपीत. ज्याचं नाव निघालं तो गेला. न निघालेला कुरकुर करी, पण दुसऱ्या दिवशी कामाला उभा राही.

एका वर्षी नानांनी आपल्या भाच्याला चिठ्ठीशिवाय सोडलं. भांडण झालं नाही. अब्बा सांगत, कोणी एक शब्द बोललं नाही. फक्त त्या दिवसापासून दोरा तुटला की माणसं साच्याशेजारी हात बांधून उभी राहू लागली. एरवी किरकोळ बिघाड विणकर स्वतः काढत, आता प्रत्येक खिळ्यासाठी नानांना हाक. नियमानं ते बरोबरच होतं, ते जॉबरचंच काम. नाना या साच्यावरून त्या साच्यावर धावू लागले. चहाला त्यांच्या शेजारची जागा रिकामी. खात्याचं उत्पादन उतरलं आणि नानांचे पैसेही त्याच उत्पादनावर होते. मी अब्बांना विचारलं, "नानांनी तुमच्यासाठी एवढं केलं, तुम्हीही हात बांधले?" अब्बा म्हणाले, "माझ्यासाठी केलं ते मी फेडीन. पण टोपी सगळ्यांची होती." पुढच्या शिमग्याला नानांनी भाच्याचं नाव सोडून बाकीच्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या, आणि दुसऱ्या दिवशी चहाला त्यांच्या शेजारी माणूस बसला.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. मुंबईतले अडीच लाख कामगार बाहेर. त्या संपाबद्दल खूप लिहिलं गेलं आहे, मी इथं त्यात जात नाही. १९८३ साली एका संध्याकाळी नाना आमच्या खोलीवर आले. गिरणी थोडी थोडी सुरू होत होती आणि जुनी माणसं गोळा करायला मुकादमांनाच पाठवलं होतं. त्यांच्या खिशात यादी होती. अब्बांचं नाव तिच्यात होतं. पाळीतल्या आठजणांची नावं नव्हती. त्यातले काही सभांना पुढं असत, काहींचा काहीच दोष नव्हता. आम्ही तेव्हा दिवसातून एकदाच जेवत होतो. अम्मी दारातून बघत होती.

अब्बांनी यादी वाचली. म्हणाले, "नाना, चिठ्ठ्या टाकायच्या का?"

नाना म्हणाले, "नावं त्यांनी टाइप करूनच दिलीत रे."

अब्बांनी कागद घडी करून परत दिला. नानांनी चहा घेतला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि जिना उतरले. अब्बा गिरणीत परत गेले नाहीत. वर्षभर भायखळ्याला भाजीच्या गोणी उचलल्या, मग गाव गाठलं. नाना मात्र कामावर गेले. त्यांना दोन मुलींची लग्नं करायची होती. अब्बांनी त्याबद्दल त्यांना कधी वाईट म्हटलं नाही. मी पुढं शिकायला मुंबईत राहिलो, तेव्हा दर ईदला गावाहून अब्बांचं कार्ड येई, नानांकडं शिरखुर्मा पोहोचव. मी डबा घेऊन काळाचौकीला जात असे. १९९१ साली नाना वारले, तोपर्यंत.